मुशीसाठी गळ टाकताय? आधी लीडर बघा

पुण्याहून वीकेंडला कोकणात गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी सांगतो, खडकवासल्याला रोहूसाठी वापरता ती नायलॉन दोरी मुशीला (म्हणजे शार्कला) चालत नाही. दात तर आहेतच पण तिची कातडी अक्षरशः पॉलिश पेपरसारखी असते, शेपटी घासली की दोरी तुटते. म्हणून लीडर, म्हणजे गळ आणि मुख्य दोरी यांच्यामधला मजबूत तुकडा, हवाच: गळाजवळ फूट-दीड फूट स्टीलची वायर आणि त्यामागे माशाच्या लांबीपेक्षा लांब अशी जाड मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) लावाच.

गळ सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोलसर गळ) घ्या, तो बहुतेकदा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही, फक्त मासा ओढायला लागला की झटका देऊ नका, नुसती रीळ गुंडाळत राहा. स्टेनलेस नको, दोरी तुटली तर साधा गळ निदान गंजून पडतो.

आमिष म्हणजे बांगडा किंवा तारली, तेलकट आणि ताजी. इथून गणेश पेठेतून बर्फात नेण्यापेक्षा मी तिथेच सकाळी जेटीवर घेतो. बांगड्याची शेपटी कापा म्हणजे पाण्यात गरगर फिरत नाही, अंगावर दोन-तीन चिरा द्या, वास पसरतो, आणि गळाचं टोक मांसात लपवू नका. काही शार्कना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जात ओळखता आली नाही तर पाण्यातच ठेवून सोडा, गळ काढायला पक्कड हाताशी असू द्या.