सोव्हिएत ‘टीई’ डिझेल लोको: नोंदी करताना या चुका टाळा

टीई-३, २टीई-१०, २टीई-११६ ही सोव्हिएत डिझेल-इलेक्ट्रिक लोकोंची नावं ओळीनं लिहिली की सरळ जिना चढल्यासारखं वाटतं: आकडा मोठा, म्हणजे लोको नवं आणि ताकदवान. या घराण्याबद्दलचे निम्मे घोळ इथेच सुरू होतात. आत कोणतं इंजिन बसवलंय ते आधी बघा.

अश्वशक्तीचंच घ्या. नावाआधीचा आकडा म्हणजे सेक्शनची, म्हणजे जोडून चालणाऱ्या स्वतंत्र इंजिनाच्या भागांची, संख्या. २टीई-१० ची ६,००० अश्वशक्ती ही दोन सेक्शनची मिळून. गंमत अशी, की टीई-३ च्या नावाआधी काहीच नाही, तरी तेही दोन सेक्शनचंच, प्रत्येकी २,००० चं. आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ च्या २,६०० शी तुलना करायची तर एकाच सेक्शनशी करा, नाहीतर पुणे-कल्याण शेडच्या आल्कोंवर (डब्ल्यूडीएम-२ हे आल्को या अमेरिकी कंपनीच्या आराखड्याचं) उगाच अन्याय होतो.

आल्कोचा विषय निघालाच आहे, तर ‘सगळं सोव्हिएत डोक्यातून आलं’ आणि ‘सगळी नक्कल’ ही दोन्ही वाक्यं टाळा. रशियन रेल्वे अभियंता युरी लोमोनोसोव्ह यांच्या देखरेखीखाली जर्मनीत बांधलेलं डिझेल-इलेक्ट्रिक लोको १९२४ मध्येच तयार होतं. पण खारकोव्ह कारखान्याचं १९४७ चं टीई-१ अमेरिकेहून आलेल्या आल्को आरएसडी-१ वर बेतलेलं होतं. टीई-३ चं २डी१०० इंजिन तर फेअरबँक्स-मोर्स या अमेरिकी कंपनीच्या, अमेरिकी पाणबुड्यांत चालणाऱ्या इंजिनाच्या धर्तीवरचं. पुरावा मापातच आहे: मेट्रिक देशातलं इंजिन, आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) २५४ मिमी, म्हणजे बरोबर १० इंच.

याच इंजिनाच्या पुढच्या, टीई-१० मधल्या आवृत्तीवर लोक सर्वात जास्त अडखळतात. १०डी१०० मधला १० म्हणजे सिलिंडर, हा समज टिकून आहे, कारण सिलिंडर योगायोगानं खरंच दहा आहेत. २डी१०० लाही दहाच होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, सिलिंडर हेड नाहीच, आणि वर एक, खाली एक असे दोन क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या धावेनं फिरणारे दांडे). दोघांवर भार सारखा पडतो असं धरू नका. खालचा क्रँकशाफ्ट १२ अंश पुढे चालतो, त्यामुळे साधारण ७० टक्के ताकद त्याच्याकडूनच येते.

टीई-१० साठी २,००० ची ३,००० अश्वशक्ती करताना बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक आणि मिनिटाला ८५० फेरे तसेच ठेवले. टर्बोचार्जर लावून जास्त हवा कोंबली आणि ती थंड करून आत सोडली. दीडपट ताकद मिळाली खरी, पण उष्णतेचा ताण पिस्टनवर आला. वर दुरुस्तीची कटकट वेगळी: लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) बाहेर काढायचा तर आधी वरचा क्रँकशाफ्ट उतरवा. म्हणून ‘टीई-३ भरवशाचं, तेव्हा टीई-१० ही तसंच’ हे गणित चुकतं. माझ्या मते हे इंजिन त्याच्या मूळ आराखड्याला झेपेल त्यापलीकडे ताणलं गेलं.

२टीई-१०एल आणि २टीई-१०व्ही वेगवेगळ्या कारखान्यांची, असंही बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. कारखाना एकच. १९७० मध्ये लुगान्स्कचं नाव व्होरोशिलोवग्राद झालं आणि एल जाऊन व्ही आला.

२टीई-११६ आलं १९७१ मध्ये: कोलोम्ना कारखान्याचं १६ सिलिंडरचं चार-स्ट्रोक ५डी४९ इंजिन, डीसी जनरेटरऐवजी अल्टरनेटर (एसी वीज बनवणारा) आणि रेक्टिफायर (ती डीसी करणारा). चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर मात्र डीसीच राहिल्या, तेव्हा त्याला सरसकट ‘एसी लोको’ म्हणू नका. ते आल्यावर टीई-१० संपलं असंही नाही. नवं इंजिन सुरुवातीला त्रास देत होतं, म्हणून जुन्याचं उत्पादन चालूच राहिलं. २टीई-१०व्हीला ११६ च्या बोगी (चाकांच्या चौकटी) मिळाल्या आणि २टीई-१०एम तर १९८१ पासूनचं.

एम-६२ ला टीईच्या रांगेत बसवू नका. लुगान्स्कचंच, पण हंगेरीसाठी काढलेलं, आणि त्यात १४डी४० हे वेगळंच दोन-स्ट्रोक इंजिन. पूर्व जर्मनीत सायलेन्सरविना इतकं दणदणायचं की लोक त्याला ‘तैगाचा ढोल’ म्हणायचे.

फोटोवरून नोंद करणाऱ्यांसाठी एक राहिलं: रशियन पाटीवर ‘ई’चं अक्षर इंग्रजी ३ सारखं दिसतं आणि ‘व्ही’चं इंग्रजी बी सारखं. २टीई-१०बी नावाचं लोको यादीत सापडलं तर ते २टीई-१०व्ही समजा.