फोंड्यात दोघांनी निवांत राहायचं तर

रविवारी संध्याकाळी पोचाल आणि बुधवारी निघाल, अशी तिकिटं काढा. गोव्यातल्या फोंड्याला येणाऱ्या जोडप्यांना मी आधी हेच सांगते. शनिवार-रविवारी मंगेशीच्या देवळाला टुरिस्ट बसगाड्यांची रांग लागते. सोमवारी संध्याकाळी मात्र मंगेशाची पालखी निघते, ती चुकवू नका. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण नाताळचा आठवडा सोडून. तेव्हा भाडी अव्वाच्या सव्वा होतात.

रेल्वेने करमळी किंवा मडगावला उतरा. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. फिरायला स्कूटर बरी, पण काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. भाड्याने द्यायचा परवाना तिलाच असतो.

खोली बसस्टँडजवळ नको, दिवसभर हॉर्न ऐकत बसाल. कवळे, बांदोडे, फर्मागुडी या बाजूला बघा. देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे भक्तनिवासांतही खोल्या मिळतात, पण आधी फोन करून विचारा. तिथे मासे आणि दारू चालत नाही.

आता देवळं. पोर्तुगीजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून, महालसा वेर्ण्याहून आणि शांतादुर्गा केळशीहून इकडे आली, कारण हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. म्हणून इतकी देवळं इतक्या जवळजवळ आहेत. ती सगळी एका दिवसात उरकायची घाई करू नका. दिवसाला एक पुरे. एकच बघायचं असेल तर मी नागेशीचं, म्हणजे नागेशाचं देऊळ म्हणेन. हा देव बाहेरून आलेला नाही, इथलाच. आवारात 1413 सालचा शिलालेख आहे, सभामंडपात वर रामायणातले प्रसंग लाकडात कोरून रंगवलेत. मान वर करून एकेक ओळखत जा, एकाला आठवलं नाही तर दुसऱ्याला आठवतं. मग बाहेर तळीच्या पायऱ्यांवर बसा. चारी बाजूंनी माड, पाण्यात त्यांच्या सावल्या, आणि मासे अगदी पायरीपर्यंत येतात. फोन पिशवीत ठेवा. अर्धा तास तरी उठू नका. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असू द्या.

सकाळी हॉटेलातल्या नाश्त्यात अडकू नका. बाजारातल्या एखाद्या जुन्या चहाच्या हॉटेलात जा आणि एक पातळ भाजी, एक सुकी भाजी, गरम उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि मिरचीची भजी मागवा. दोघांत वाटून खा. सोबत गोड बन्स घ्याच, तिखटानंतर तोच हवा. दुपारी शीत-कडी (भात आणि माशांची आमटी), किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर) आणि रव्यात तळलेले बांगडे.

एक ते चार बहुतेक दुकानं बंद असतात. त्या वेळेत काहीही ठरवू नका, पंखा लावून झोपा. मी पाहिलंय, इथे आलेल्या जोडप्यांची भांडणं दुपारी उन्हात स्कूटरवर होतात.

मंगळवारी ऊन उतरल्यावर 1560 सालची साफा मशीद बघा. आवारात मोठी तळी आहे. तिथून कवळ्याला शांतादुर्गेच्या आरतीला वेळेत पोचता येतं. बुधवारी निघताना बाजारातून आमसुलं घ्या. बोटाने दाबून मऊ लागतील तीच घ्या, कडकडीत झालेली जुनी असतात.