विद्यापीठ आणि वस्तीची भागीदारी का फिसकटते? या चुका टाळा

सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतात, पहिल्या सत्रात विद्यार्थी उत्साहानं वस्तीत येतात. वर्षभरात पालक बैठकीला येईनासे होतात, मुलांची संख्या रोडावते आणि विभागात बोललं जातं, "लोकांनाच गरज वाटत नाही." हे निदान बहुतेकदा चुकीचं असतं. भागीदारीचं वेळापत्रक कोणाच्या सोयीनं आखलं, हे आधी तपासा. मुलं, तरुण आणि कुटुंबांसाठीचे बरेचसे उपक्रम तिथेच अडखळतात.

सत्र संपलं की नातंही संपवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून येतात, मुलांशी गट्टी जमवतात, परीक्षा जवळ आली की गायब होतात. विद्यापीठाच्या हिशेबात सत्र पूर्ण झालेलं असतं, श्रेयांक मिळालेले असतात. मुलाला मात्र एवढंच दिसतं की आणखी एक मोठं माणूस न सांगता निघून गेलं. ज्या घरांत आधीच बरीच उलथापालथ झालेली असते, तिथल्या मुलांना हे जास्त लागतं.

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या संशोधकांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या कार्यक्रमातल्या, म्हणजे एक मूल आणि एक मोठा स्वयंसेवक अशा, जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला होता. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमध्ये मुलांचा स्वतःबद्दलचा आदर आणि अभ्यासातला आत्मविश्वास उलट घटला होता. म्हणजे अर्धवट सोडलेली मदत शून्यावर येऊन थांबत नाही, ती मुलाला मागे ढकलू शकते. एवढं कळल्यावर तरी चार महिन्यांच्या सत्रात मुलामागे एक मार्गदर्शक बसवण्याचा अट्टहास सोडायला हवा.

उपाय अवघड नाहीत, फक्त आधी ठरवावे लागतात. एकेका मुलाशी जोडणी करायची असेल तर निदान वर्षभराची लेखी हमी देणारेच विद्यार्थी घ्या. ज्यांच्याकडे एकच सत्र आहे, त्यांना गटाचे उपक्रम, साहित्य तयार करणं, नोंदी ठेवणं अशी कामं द्या. एक जण गेल्यानं त्यात कोणाचं मन मोडत नाही. निरोपाची तारीख मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. सुट्टीतही वस्तीत दिसेल असा एक पगारी, कायमचा समन्वयक नेमा, शक्यतो त्याच वस्तीतला. लंडनच्या टॉयन्बी हॉल या समाजसेवा केंद्रात १८८४ पासून ऑक्सफर्ड-केंब्रिजचे तरुण गरीब वस्तीत मुक्कामालाच राहू लागले. सगळ्यांना तसं राहणं जमणार नाही, पण रोज दिसणारा एक चेहरा कोणत्याही विद्यापीठाला परवडतो.

प्रस्ताव आधी, लोक नंतर

अनुदानाची मुदत तोंडावर आली की प्रस्ताव विभागातच लिहिला जातो आणि शेवटच्या आठवड्यात स्थानिक संस्थेकडे पाठिंब्याचं पत्र मागितलं जातं. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात मत विचारणं ही खालून चौथी पायरी आहे आणि भागीदारी सहावी. आपण चौथ्या पायरीवर उभे राहून सहावीचा करार करतो, मग लोक बाजूला होतात.

दुरुस्तीची सुरुवात पैशापासून करा. अंदाजपत्रक संस्थेसोबत बसून बनवा. बैठकांना येणाऱ्या पालकांना मानधन आणि प्रवासखर्च द्या, लहान मुलं सांभाळायची सोय करा, बैठक त्यांच्या कामाच्या वेळेबाहेर ठेवा. प्राध्यापकाला त्याच बैठकीचा पगार मिळतो आणि आईची मजुरी बुडते, तिथं समान भागीदारी कशी टिकणार?

तरुणांना व्यासपीठावर बसवून गप्प ठेवणं

टी-शर्ट घालून, ठरवून दिलेलं भाषण म्हणणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. रॉजर हार्ट यांनी युनिसेफसाठी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांमध्ये सजावटीपुरता वापर येतो आणि त्याला ते सहभाग मानतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं (१९८९) बारावं कलमही मुलाचं मत ऐकून त्याला योग्य ते वजन द्यायला सांगतं. तरुणांच्या गटाला एक तरी खरा निर्णय सोपवा: उपक्रमाची वेळ, खर्चाचा एखादा भाग, सर्वेक्षणातले प्रश्न. निर्णय पटला नाही तर फिरवू नका, चर्चा करा.

माहिती न्यायची, परत काहीच द्यायचं नाही

"मागच्या वेळी पण फॉर्म भरले होते, त्याचं काय झालं?" हा प्रश्न आला की विश्वास आटला असं समजा. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीचं. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांचं रक्त घेतलं. पुढे तेच नमुने लोकांना न सांगता स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी वापरले गेले. वाद कोर्टात गेला. २०१० मध्ये विद्यापीठाला ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत द्यावे लागले.

म्हणून संमतीपत्र लोकांच्या भाषेत वाचून दाखवा आणि माहिती कोणाच्या ताब्यात राहील ते लिहा. वापर बदलला तर संमती पुन्हा घ्या. पालकांची सही असली तरी मुलाची स्वतःची तयारी वेगळी विचारा. मूल 'नको' म्हणालं तर तिथेच थांबा. निष्कर्ष शोधनिबंधाआधी वस्तीत सांगा. कार्यक्रमाचा परिणाम तपासायला तुलनेचा गट, म्हणजे ज्यांना सेवा मिळत नाही अशी कुटुंबं, लागत असेल, तर त्या कुटुंबांना कायमचं वगळू नका. प्रतीक्षा यादी करा आणि त्यांनाही नंतर तीच सेवा मिळेल असं लिहून द्या.

आधीच बिघडलं असेल तर

नवा उपक्रम घेऊन जाऊ नका. जुन्या करारातलं काय दिलं, काय राहिलं याची यादी करा आणि निर्णय घेऊ शकणारी वरिष्ठ व्यक्ती स्वतः ती घेऊन जाऊ द्या. नुसत्या विद्यार्थ्यांना पुढे करू नका. पहिल्या बैठकीत बहुतेक वेळ ऐकण्यात जाईल, काही लोक रागावतील, ते गृहीत धरा. राहिलेल्यांपैकी सगळ्यात छोटी गोष्ट, उदाहरणार्थ जुन्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष, महिन्याभरात पोचवा आणि मगच पुढची बैठक लोकांना विचारून ठरवा. त्यांनी थांबायला सांगितलं तर थांबा, समन्वयकाचा फोन मात्र चालू ठेवा.