लग्नातली वचनं, आपल्या शब्दांत

नाशकात लग्नांचं निवेदन करते, त्यामुळे मुलं-मुली वचनांचा कागद आधी माझ्याकडे आणतात. बहुतेकांत 'जन्मोजन्मीची साथ' असते. मी ती खोडते.

लिहायला बसताना सप्तपदी समोर ठेवा. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सातव्या पावलाला सख्य. विषय आयते आहेत. सगळे घेऊ नका, दोन-तीन पुरेत. पण प्रत्येकात आपलं रोजचं जगणं दिसू दे. रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्या एकाने लिहिलं होतं, "तुला सुखात ठेवीन." म्हटलं, कधी, रात्री दहाला घरी आल्यावर? मग त्याने बदललं: "सकाळी माझा डबा मीच भरीन, तुझी झोप मोडणार नाही. रविवारचा स्वयंपाक माझा." मांडवात बायकांनी टाळ्या वाजवल्या, सासूबाईंनी जरा उशिराने.

पैसे आणि आईवडील यांबद्दलचं काही असेल तर आधी दोघांत बोलून घ्या.

वाचन सप्तपदीनंतर ठेवा, गुरुजींना आधी सांगून. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार सप्तपदीच्या लग्नात सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो, तेव्हा तुमची वचनं ही वरची भर. कुणी 'नवीन फॅड' म्हणालंच, तर महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विवाहाची आठवण द्या. त्यातही वधू-वर एकमेकांना वचन देतात.

मिनिटभरात संपवा. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. मुंडावळ्यांतून मोबाइल वाचता येत नाही.