कवटीवरून चेहरा कसा उभा करायचा (ब्लेंडर वापरून)

सीटी स्कॅनच्या स्लाइसेस, म्हणजे थराथराने घेतलेल्या प्रतिमा, हातात असतील तर अर्धं काम सोपं होतं, इनव्हेसालियस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात हाड तेवढं वेगळं काढा आणि मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणा. हरियाणातल्या राखीगढीला डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं, तिथल्या साधारण साडेचार हजार वर्षं जुन्या दोन कवट्यांचे चेहरे २०१९ मध्ये आले ते पण सीटी स्कॅनवरूनच. स्कॅन नसेल तर सगळ्या बाजूंनी भरपूर फोटो काढून फोटोग्रामेट्री करा, म्हणजे त्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवा, फक्त फोटोत मोजपट्टी ठेवाच, पुढचा सगळा खेळ मिलिमीटरचा आहे.

आता जबडा, इथे खूप जण चुकतात. वरचे खालचे दात घट्ट मिटवून बसवू नका. आत्ता ओठ मिटून निवांत बसा, तुमच्या दातांमध्ये २-३ मिमी फट असेल बघा, तेवढी ठेवायची, शिवाय कानापुढच्या सांध्यातली कूर्चा कधीच नाहीशी झालेली असते, तिचीही जागा सोडायची. नाहीतर चेहरा आखूड होतो आणि नंतर मॉडेल कितीही स्कल्प्ट करा, म्हणजे घडवा, सुधरत नाही.

मग कवटीवर ठरलेल्या ठिकाणी खुंट्या लावायच्या, म्हणजे तिथे मांस-कातडी किती जाड असते त्याची मापं. कपाळावर ४-५ मिमी, गालावर बरीच जास्त. या मापांचा तक्ता त्या माणसाच्या वयाचा, लिंगाचा आणि जवळच्या लोकसमूहाचाच घ्या. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिमीचा. नाकाच्या हाडातलं भोक पूर्ण नाकाच्या रुंदीच्या साधारण ३/५ असतं, म्हणजे भोक २४ मिमी तर नाक ४० मिमी धरा. स्नायू एकेक करून चढवा आणि शेवटी खुंट्यांच्या टोकांवरून कातडी.

इथे थांबून करड्या रंगात, बिनकेसांचा एक रेंडर (मॉडेलचं तयार चित्र) काढून जपून ठेवा, कारण हाड इथपर्यंतच बोलतं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड बघा, त्याचा सांगाडा लेस्टरच्या कार पार्कखाली २०१२ मध्ये सापडला, २०१३ मध्ये चेहरा आला तो गडद केसांचा, आणि २०१४ मध्ये डीएनए म्हणाला डोळे निळे असण्याची शक्यता ९६% आणि लहानपणी तरी केस सोनेरी असण्याची ७७%. चेहऱ्याची ठेवण तीच राहिली, रंग तेवढे बदलावे लागले. म्हणून केस, भुवया, डोळ्यांचा आणि कातडीचा रंग पहिल्यापासून वेगळ्या कलेक्शनमध्ये (ब्लेंडरमधला वेगळा गट) ठेवा.