पिचरच्या दुखापतीवर वाद घालताना या चुका टाळा

१ नोव्हेंबर २०१५ ची रात्र. न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम फेरीचा, पाचवा सामना. नऊपैकी आठ इनिंग झाल्या तरी आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मॅट हार्वेने कॅन्सस सिटीला एकही धाव दिलेली नाही आणि आमचे मेट्स २-० ने पुढे आहेत. डगआउटमध्ये (संघाच्या बसायच्या जागी) पिचिंग कोचने त्याला 'आता बस' म्हणून सांगितलं. हार्वे तडक मॅनेजर टेरी कॉलिन्सकडे गेला आणि नववी इनिंगही मीच टाकणार म्हणून अडून बसला. मैदानभर त्याच्या नावाचा गजर चाललेला. इकडे न्यू जर्सीत, एडिसनला आमच्या घरात मी सोफ्यावर उभा राहून ओरडत होतो, "अरे, राहू दे ना त्याला!"

कॉलिन्सने ऐकलं. पहिला बॅटर वॉकवर (चार चेंडू बाहेर पडल्याने फुकटात पहिल्या बेसवर) गेला, त्याने दुसरा बेस चोरला, पुढच्या होस्मरने डबल (दोन बेसचा फटका) मारला. २-१. मग शेवट सांभाळणारा पिचर, क्लोजर फॅमिलियाला आणलं, तरी बरोबरी झालीच. बाराव्या इनिंगमध्ये सामना ७-२ असा गेला आणि विजेतेपदही गेलं. सकाळी ऑफिसात कॉफी ओतताना मी सगळ्यांना ठासून सांगत होतो, शंभरावर पिच (चेंडू) झालेल्या माणसाला नवव्या इनिंगला पाठवतात का? कॉलिन्सला अक्कल नाही.

रात्री अकराला एक, सकाळी नऊला दुसरं. तेव्हापासून पिचरच्या हातावर बोलण्याआधी मी जरा थांबतो. नेहमी जमतं असं नाही. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

'स्प्रेन' म्हणजे लचक समजणं

आपल्याकडे पाय मुरगळला की 'स्प्रेन आलाय' म्हणतात, दोन दिवस क्रेप बँडेज बांधतात आणि विसरून जातात. त्यामुळे 'एल्बो स्प्रेन' अशी बातमी आली की आपला जीव भांड्यात पडतो. तो पडू देऊ नका. स्प्रेन लिगामेंटचा (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचा) असतो, स्ट्रेन स्नायूचा किंवा टेंडनचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा). कोपराच्या आतल्या बाजूचं जे लिगामेंट पिचरचं करिअर ठरवतं, त्याचा स्प्रेन म्हणजे ते कमी-जास्त फाटलेलं असणं. पहिल्या ग्रेडमध्ये धागे ताणलेले असतात, दुसऱ्यात अर्धवट तुटलेले आणि तिसऱ्यात पूर्ण. शब्द एकच, पण पहिल्या ग्रेडला काही आठवडे विश्रांती पुरू शकते आणि तिसऱ्याला सहसा पुढचा सीझनही जातो.

दुसरा फसवा शब्द 'फोरआर्म टाइटनेस'. हाताचा पुढचा भाग आखडला, त्यात काय एवढं? पण तिथले स्नायू कोपराच्या त्या लिगामेंटवर येणारा भार वाटून घेतात. ते कुरकुरायला लागले की खाली काहीतरी बिनसलं असण्याची शक्यता असते. दर वेळी तसं निघत नाही, पण संघ एमआरआय काढतो तो याच भीतीने.

संघाची पहिली घोषणा ही तर शेवटचा शब्द धरूच नये. २३ ऑगस्ट २०२३ ला पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा शोहेई ओहतानी दुसऱ्या इनिंगमध्येच मैदान सोडून गेला. त्याच्या तेव्हाच्या संघाने, एंजल्सने, कारण दिलं हात दमल्याचं. त्याच दिवशी दुसरा सामना होता, त्यात तो बॅटिंगलाही उतरला. लोक निश्चिंत झाले. तो सामना संपल्यावर कळलं की लिगामेंट फाटलंय. यात कुणी खोटं बोललं असं मला वाटत नाही. मधल्या काही तासांत तपासणी झाली, एवढंच. बातमी येते आणि पिचर 'दुसरं मत' घ्यायला लॉस एंजेलिसला सर्जन एलाट्राशकडे किंवा टेक्सासला सर्जन माइस्टरकडे निघाल्याचं कळतं, तेव्हा मात्र मी उरलेल्या सीझनचं गणित नव्याने मांडायला घेतो.

इंजर्ड लिस्टचे दिवस म्हणजे परतीची तारीख नव्हे

हे थोडक्यात. जखमी खेळाडूला संघ या लिस्टवर टाकतो: पिचरसाठी १५ दिवस, इतर खेळाडूंसाठी १०, आणि मोठी लिस्ट ६० दिवसांची. हे सगळे किमान दिवस आहेत. पंधराव्या दिवशी तो परत येईल असं कुणीही म्हटलेलं नसतं. नाव मागच्या तारखेने टाकता येतं, पण जास्तीत जास्त तीन दिवस मागे. आणि आधीच दोन महिने बाहेर असलेल्या पिचरला '६० दिवसांच्या लिस्टवर हलवलं' अशी बातमी आली म्हणजे त्याची दुखापत वाढली असं नाही. ६० दिवसांच्या लिस्टवरचा माणूस ४० जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या खेळाडूंच्या यादीत) मोजला जात नाही. संघाला नवा माणूस घ्यायचा असतो, म्हणून ही कागदोपत्री हलवाहलव. दरवर्षी या बातमीवर कुणीतरी रडतंच.

कॅलेंडरवर फुल्या मारत बसणं

टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (फाटलेल्या लिगामेंटच्या जागी टेंडन बसवतात ती) पिचरला साधारण १२ ते १८ महिने लागतात. आपण त्यातले १२ उचलतो आणि तेराव्या महिन्यापासून बोटं मोडायला लागतो. डॉक्टर आणि ट्रेनर मात्र महिन्यांपेक्षा टप्पे मोजतात. आधी कोपर पूर्ण सरळ होणं, मग थोड्या अंतरावरून हलके थ्रो, अंतर वाढवणं, माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) पिचिंग, समोर खरा बॅटर, आणि शेवटी मायनर लीगमधले (खालच्या स्तरावरच्या लीगमधले) रिहॅब सामने, जे पिचरला सहसा ३० दिवसांपर्यंत खेळता येतात. एखाद्या टप्प्यावर दुखलं तर एक पायरी खाली. रडार गनवर ताशी ९७ मैल दिसले की आपण म्हणतो, झाला बरा! वेग बऱ्याचदा आधी येतो. चेंडू हवा तिथे पडणं, विशेषतः स्लायडर (शेवटी वळणारा चेंडू), ते मागाहून येतं. म्हणून परतल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या वॉक्सवरून 'संपला' असा शिक्का मारू नका.

याच्याच शेजारी बसणारा प्रश्न: 'बॅटिंग करतोय ना, मग पिचिंग का नाही?' ओहतानीने शस्त्रक्रियेनंतरच्या २०२४ च्या सीझनमध्ये ५४ होमरन मारले, ५९ बेस चोरले आणि एकही पिच टाकला नाही. बॅट फिरवताना त्या लिगामेंटवर पिचिंगसारखा ताण येत नाही. तो माउंडवर परतला १६ जून २०२५ ला, तेही एका इनिंगपुरता. कारण तो रोज बॅटिंग करत होता, त्याला रिहॅबसाठी मायनर लीगमध्ये पाठवणं त्याच्या नव्या संघाला, डॉजर्सला, परवडणारं नव्हतं. मग मोठ्या सामन्यांतच एकेक इनिंग वाढवत नेली. त्यावरही लोक चिडले होते, 'एका इनिंगसाठी कशाला नाटक?' म्हणून.

क्रिकेटची फूटपट्टी

ही खास आपली चूक. सासरे सांगलीहून आले होते तेव्हाचं. सहाव्या इनिंगमध्ये ९४ पिचवर आमच्या पिचरला काढलं, तसे ते खुर्चीत पुढे सरकले. "शंभर चेंडूंत दमला? आपला बुमराह कसोटीत दिवसाला वीस-वीस ओव्हर टाकतो."

"बाबा, पण त्याचा हात सरळ असतो."

यावर ते हसले, पण मुद्दा तोच आहे. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करायला बंदी. वेगवान बोलर धावत येतो, पुढचा पाय आपटतो, कंबर वाकवतो आणि सगळा मार पाठीचा खालचा भाग आणि पुढचा पाय खातो. बुमराहची पाठच गेली, कोपर नाही. २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप त्याच पाठीने हुकवला. पिचर जवळजवळ उभ्या जागेवरून फेकतो. दुमडलेला हात आधी मागे लवतो आणि मग चाबकासारखा पुढे येतो. त्या क्षणी कोपरावर येणारा ताण लिगामेंटला एकट्याने पेलवेल त्याच्या आसपासचा, कधी त्याहूनही जास्त असतो. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. ते दमले की भार कुणावर जाणार हे उघड आहे. वर मोजलेले १०० पिच म्हणजे फक्त सामन्यातले. बुलपेनमधले (जिथे पिचर आधी हात मोकळा करतात) आणि प्रत्येक इनिंगआधीचे सरावाचे पिच त्यात धरले जात नाहीत.

बाकी भांडण मात्र दोन्हीकडे एकच. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह आधी ठरवून पाचपैकी तीनच कसोट्या खेळला तेव्हा सांगलीहून फोनवर जे ऐकलं, ते मी न्यूयॉर्कच्या रेडिओवर पिचरबद्दल रोज ऐकतो.

'पूर्वीचे लोक नाही का टाकायचे?'

या वाक्याचं उत्तर १९७४ सालातच आहे. १४ जूनला कॅलिफोर्नियात नोलन रायनने बोस्टनविरुद्ध १३ इनिंग टाकल्या, २३५ पिच. त्या सीझनमध्ये त्याच्या इनिंग भरल्या ३३२⅔. तरी तो पुढे वर्षानुवर्षं खेळला. आजही प्रत्येक वादात रायनचं नाव निघतं. त्यानंतर महिनाभराने, १७ जुलैला, जवळच लॉस एंजेलिसच्या संघात टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचं कोपर गेलं. डॉ. फ्रँक जोबने २५ सप्टेंबरला त्याच्या उजव्या हातातलं टेंडन काढून डाव्या कोपरात बसवलं. असं याआधी कुणी केलं नव्हतं, आणि परत खेळण्याची आशा जोबने शंभरात एक धरली होती. जॉन १९७६ ला परतला आणि त्यानंतर त्याने आणखी १६४ सामने जिंकले.

मग 'पूर्वीचे लोक' म्हणजे रायन की जॉन? आणि सँडी कोफॅक्सला कुठे बसवायचं? १९६६ मध्ये ३२३ इनिंग, २७ विजय, आणि सीझन संपताच कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच निवृत्ती. ज्यांचे हात त्याआधी मायनर लीगमध्येच गेले, त्यांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत. टिकले ते दिसतात, म्हणून सगळेच टिकत होते असं वाटतं. शिवाय काम बदललंय. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२ झाला. पूर्वीचा पिचर आठव्या-नवव्या बॅटरसमोर हात सैल सोडायचा. आज प्रत्येक पिच जीव तोडून टाकायचा असतो, कारण मागे बुलपेनमध्ये चार जण तेच करायला तयार बसलेत.

निकाल बघून निर्णयाला पास-नापास करणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि याला स्टीफन स्ट्रॅसबर्गइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१० मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया. २०१२ हा परतल्यावरचा पहिला पूर्ण सीझन. वॉशिंग्टन नॅशनल्स लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे, आणि सप्टेंबरात १५९⅓ इनिंगवर संघाने त्याला घरी बसवलं. प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) तोंडावर असताना! ९८ सामने जिंकलेला तो संघ पहिल्याच फेरीत सेंट लुइसकडून हरला. पाचव्या सामन्यात ६-० ची आघाडी घालवून. सगळ्यांनी संघाला मूर्ख ठरवलं.

२०१९ मध्ये त्याच स्ट्रॅसबर्गने वॉशिंग्टनला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली, एमव्हीपी (मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू) झाला. आता तीच माणसं म्हणाली, बघा, हात जपला म्हणून! डिसेंबरात त्याला सात वर्षांचे २४ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. त्यानंतर तो जेमतेम आठ सामने टाकू शकला आणि २०२४ ला निवृत्त झाला. तिसरा निकाल: जपून काय उपयोग झाला?

२०१२ च्या त्या सप्टेंबरात डगआउटला यातलं काय ठाऊक होतं? काहीच नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर इनिंगांची मर्यादा ठेवण्यात चूक नव्हती. चूक होती त्या इनिंग एप्रिलपासून सलग खर्चून टाकण्यात. सीझन उशिरा सुरू करून ऑक्टोबरच्या प्लेऑफसाठी काही राखता आल्या असत्या. हे मी निकाल न बघता म्हणू शकतो, म्हणून त्याला वाद म्हणायचं. 'हरले ना?' हा वाद नाही.

टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेलचंही तसंच. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ७३ पिच, ९ स्ट्राइकआउट, टँपा बे १-० ने पुढे, आणि मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं. सामना गेला. इथे प्रश्न दोन आहेत आणि आपण त्यांचा काला करतो. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की बहुतेक पिचर जास्त मार खातात, त्यामुळे काढण्यामागे तर्क होता. पण आणला कुणाला? निक अँडरसनला, ज्याच्यावर आधीच्या सलग काही सामन्यांत धावा निघत होत्या. मला भांडायचं असेल तर मी दुसऱ्यावर भांडेन.

आणि हार्वेच्या त्या रात्री बरोबरीची धाव कशी झाली, आठवतंय? ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) बॅटर पहिल्या बेसला आउट झाला, तेवढ्यात होस्मर तिसऱ्यावरून होमकडे सुटला, आणि मेट्सच्या पहिल्या बेसवरच्या ल्यूकस डूडाचा थ्रो वाइड गेला. थ्रो सरळ असता तर सामना तिथेच मेट्सने जिंकला असता आणि मी सकाळी कॉलिन्सच्या हिमतीचे गोडवे गात असतो.

'त्या दिवसामुळेच हात गेला' हेही जपून म्हणा. १ जून २०१२ ला योहान सान्तानाने मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता संपलेला सामना) टाकला, खांद्याच्या शस्त्रक्रियेतून उठून, १३४ पिच. ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये परत दिसला नाही. आम्ही सगळे ते १३४ धरून बसतो. मधल्या जुलैत बेस कव्हर करताना त्याच्या घोट्यावर दुसऱ्या खेळाडूचा पाय पडला होता, हे कुणी काढत नाही. आणि तो खांदा आधीच एकदा शिवलेला होता. १३४ चा वाटा असेलही. किती, ते ना मला सांगता येईल, ना तुम्हाला.

घरातला पिचर

दुसऱ्याच्या हातावर तावातावाने बोलणारे आम्ही पालक लिटिल लीगच्या (मुलांच्या बेसबॉलच्या) मैदानावर काय करतो, ते बघण्यासारखं असतं. गेल्या वसंतात पिच मोजायचं काम माझ्याकडे होतं. हातात क्लिकर, मांडीवर वही. ११-१२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ८५ पिचची मर्यादा, ९-१० ला ७५. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत २१ ते ३५ पिच झाले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ पासून पुढे चार. म्हणजे शनिवारी ६६ टाकले तर थेट गुरुवारी.

एका शनिवारी बारा वर्षांच्या एका मुलाचे ६८ झाले. मी वहीत 'गुरुवार' लिहिलं आणि त्याच्या वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "हो हो, चालेल." मुलगा बुटांच्या लेस सोडत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "बाबा, मग उद्या ट्रॅव्हल टीमची मॅच?"

त्या टीमची वही वेगळी होती.