एपीआयसमोरच्या प्रॉक्सीवर ओळख तपासायची तर

एपीआय (प्रोग्रामांनी वापरायची सेवा) आणि तिच्यासमोरची प्रॉक्सी (विनंत्या आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर) यांचं हे काम शिकायला घेतलंत की आधी टोकनकडे, म्हणजे विनंतीसोबत येणाऱ्या ओळखपत्राकडे, वळू नका. एपीआयकडे जाणाऱ्या बाकी सगळ्या वाटा बंद आहेत का, ते पाहा. प्रॉक्सी आणि एपीआय एकाच मशीनवर असतील तर एपीआयने फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर, ऐकावं. ते ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकत असेल, तर त्याच्या पोर्टवर (समजा ८०८०) थेट येणाऱ्याला प्रॉक्सी आडवीच येत नाही. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर जास्त जपा: त्याने बाहेर उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सवरच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडंच राहतं.

आता तपासणी. एनजिनएक्स या प्रॉक्सी म्हणून चालणाऱ्या सर्व्हरमध्ये 'ऑथ_रिक्वेस्ट' हा निर्देश प्रत्येक विनंतीआधी तपासणी-सेवेला (टोकन तपासणाऱ्या वेगळ्या सेवेला) एक छोटी उपविनंती पाठवतो. उत्तर २०० च्या घरातलं (ठीक आहे) आलं की मूळ विनंती पुढे जाते, ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) आलं की तिथेच थांबते. दुसरं काहीही आलं तर ग्राहकाला ५०० (सर्व्हरची चूक) दिसतो. म्हणून अचानक ५०० यायला लागले की एपीआयच्या आधी तपासणी-सेवेचा लॉग उघडा. उपविनंतीच्या लोकेशनवर (एनजिनएक्सच्या सेटिंगमधला एका पत्त्याचा ब्लॉक) 'इंटर्नल' लिहा, म्हणजे बाहेरून तो थेट मागता येत नाही; बॉडी (विनंतीतला मजकूर) पाठवणं बंद करा आणि कंटेंट-लेंग्थ हा बॉडीची लांबी सांगणारा हेडर रिकामा ठेवा. हा शेवटचा भाग राहिला तर सेवा कधीच न येणाऱ्या बॉडीची वाट बघत बसते.

टोकन जेडब्ल्यूटी (आत माहिती आणि डिजिटल सही असलेलं टोकन) असेल तर नुसती सही जुळणं पुरेसं नाही. सहीचा कोणता अल्गोरिदम चालेल ते तुम्ही ठरवा, टोकनच्या हेडरवर सोडू नका. देणारा कोण, टोकन कोणत्या एपीआयसाठी आहे आणि मुदत संपली का, हेही तपासा. 'कोणासाठी' हा भाग सगळ्यात जास्त वेळा सुटतो, आणि मग दुसऱ्याच सेवेसाठी दिलेलं टोकन तुमच्याकडे चालून जातं. घड्याळांतल्या फरकासाठी ३० ते ६० सेकंदांची सूट ठेवा.

खरी भोकं पडतात ती हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमध्ये. तपासणीनंतर प्रॉक्सी 'एक्स-युजर' या हेडरमध्ये वापरकर्त्याचं नाव लिहून पाठवते आणि एपीआय त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. बाहेरच्या माणसाने तोच हेडर स्वतः पाठवला आणि प्रॉक्सीने तो पुसला नाही, तर तो माणूस कोणीही बनू शकतो. 'प्रॉक्सी_सेट_हेडर'ने प्रत्येक लोकेशनमध्ये तो नव्याने लिहा, तपासणी नसलेल्या लोकेशनमध्ये रिकामा करा. इथे एनजिनएक्सची एक सवय माहीत हवीच: लोकेशनमध्ये असा एकही निर्देश लिहिला की वरच्या 'सर्व्हर' ब्लॉकमधले सगळे गळतात. वर पुसलेला हेडर खाली परत जिवंत होतो, तो असा.

ब्राउझरमधून वापर असेल तर प्रीफ्लाइटच्या, म्हणजे खऱ्या विनंतीआधी ब्राउझर परवानगी विचारायला पाठवतो त्या, ऑप्शन्स विनंतीत टोकन नसतं. ती तपासणीत अडकली की ब्राउझर सीओआरएसची (एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटला विनंती करण्याच्या नियमांची) तक्रार करतो आणि लोक भलतीकडेच शोधत बसतात. तिला प्रॉक्सीवरूनच, सीओआरएसच्या हेडरांसह २०४ (ठीक आहे, मजकूर नाही) द्या.

टोकन पत्त्यात (यूआरएलमध्ये) पाठवू देऊ नका, नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये ते जसंच्या तसं उमटतं.

शेवटी कर्ल या विनंत्या पाठवणाऱ्या कमांडने पाहा: टोकनशिवाय, मुदत संपलेल्या टोकनने, दुसऱ्या एपीआयच्या टोकनने. तिन्हींना ४०१ यायला हवा. मग खऱ्या टोकनसोबत खोटा 'एक्स-युजर' पाठवा आणि एपीआयच्या लॉगमध्ये नाव कोणाचं आलं ते वाचा. एपीआयच्या पोर्टवर थेट जाण्याचा प्रयत्न मात्र दुसऱ्या मशीनवरून करा, त्याच मशीनवरून ते उघडंच दिसेल.